बाळंतपणाची रजा: पगार कोणाच्या खिशातून?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळंतपणाच्या रजेवरचा लेख वाचला. नोकरदार बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, असं त्यात ठासून लिहिलं होतं. कागदावर ते खोटं नाही. पण मी नाशिकला सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करते, पीएफ आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) चलनं भरते. याच कामात केस पिकले. त्यामुळे लेख वाचताना मनात आलं, कोणती नोकरदार बाई? कुठल्या राज्यातली, कोणाच्या मस्टरवरची, किती पगाराची? यातलं एक उत्तर बदललं की रजा बदलते आणि रजेचा पगार कोणी द्यायचा तेही बदलतं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त आकडे कापू नका.

आधी नात्यागोत्यातलंच सांगते. माझी मावसबहीण लग्न होऊन चेन्नईला गेली. तिची सून तिथे सरकारी शाळेत शिकवते. तिला मुलीच्या वेळी वर्षभराची, ३६५ दिवसांची, पूर्ण पगाराची रजा मिळाली. तामिळनाडूत हे टप्प्याटप्प्याने वाढत गेलं: २०११ साली सहा महिने, २०१६ साली नऊ, आणि १ जुलै २०२१ पासून बारा. माझी पुतणी इगतपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिला १८० दिवस. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०१८ साली सुरू केलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती उभ्या नोकरीत मिळून तेवढी, आणि ती मागताना वरच्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजाव्या लागतात. आमच्या शेजारची मुलगी पोस्टात आहे, म्हणजे केंद्र सरकारची नोकर. तिचीही प्रसूती रजा १८० दिवसांचीच, पण बालसंगोपन रजा ७३० दिवसांची: पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. पुतणी आणि ही पोस्टातली, दोघींनी एकाच डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. सिक्कीमने तर २०२३ साली सरकारी नोकरीतल्या आईला बारा महिने आणि बापाला एक महिना जाहीर केला.

तामिळनाडूचं फार कौतुक करायच्या आधी हेही सांगायला हवं, की वर्षभर रजा देणाऱ्या त्याच सरकारने एका शिक्षिकेला ‘तिसरं मूल’ म्हणून रजा नाकारली होती. तिची पहिली दोन मुलं आधीच्या लग्नातली, तीही पहिल्या नवऱ्याकडे राहणारी. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे २०२५ मध्ये जिंकली. बाळंतपणाची रजा हा स्त्रीच्या जननहक्काचा भाग आहे, असं त्या निकालात आहे. चांगलंच झालं. पण सरकारी नोकरी असून दिल्लीपर्यंत लढावं लागलं, तर सातपूरच्या पॅकिंग विभागातल्या मुलीने काय करायचं?

आता धाकट्या बहिणीच्या मुलीचं. ती शहरातल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवत होती. सातव्या महिन्यात ऑफिसात बोलावून गोड शब्दांत सांगितलं, ‘तू आता राजीनामा दे, जूनमध्ये बघू.’ जून आला, तिच्या जागेवर दुसरी बाई आली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिला याच गावात नोकरी करायची आहे. केरळने २०२० साली अधिसूचना काढून खासगी शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षिकांना प्रसूती लाभ कायद्याखाली आणलं. ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणायची पळवाट तिथे बुजली. आपल्याकडे त्या शाळेचे संस्थाचालक अजून ती पळवाट तोंडावर सांगतात, आणि पंचविशीतली मुलगी समोर बसून ते ऐकून घेते.

बाकीच्या खासगी नोकरीत राज्याराज्यात फरक नाही, निदान कायद्यात नाही. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा सगळ्या देशाला एकच. त्यात आधी १२ आठवडे होते. माझ्या वेळी मी तेवढेच घेतले आणि तीन महिन्यांचं लेकरू सासूबाईंच्या हवाली करून कामावर हजर झाले. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे झाले, तिसऱ्याच्या वेळी १२च राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण २६ आठवडे, बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असण्याची अट, ५० माणसांच्या पुढे पाळणाघर, हे सगळं जसंच्या तसं तिकडे गेलं. खासगी नोकरीत बाईचं नशीब ठरतं ते दुसऱ्याच दोन आकड्यांवर. एक दहा आणि दुसरा एकवीस हजार.

दहाच्या आत माणसं असलेलं दुकान किंवा वर्कशॉप साधारणपणे या कायद्यात येत नाही आणि ईएसआयमध्येही येत नाही. म्हणून आमच्याकडे नऊ माणसांचे कारखाने उदंड आहेत. शेडमध्ये सतरा-अठरा जण काम करताना दिसतात; त्यातले नऊ मालकाच्या फर्मचे, उरलेले त्याच्या बायकोच्या नावावरच्या फर्मचे, मधे पत्र्याचं पार्टिशन. एकदा ईएसआयचा कोड नंबर पडला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही, हे मालकांना माझ्याइतकंच पक्कं ठाऊक असतं. तेव्हा दहावं माणूस मस्टरवर चढूच द्यायचं नाही. त्या पार्टिशनच्या दोन्ही बाजूंच्या बायकांसाठी २६ आठवडे ही पेपरात वाचायची गोष्ट.

एकवीस हजारांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला खरं तर तीच सांगायची आहे. ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. त्याच्या आत पगार असेल तर बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआय महामंडळ देतं. पगार त्यावर गेला, की तोच पगार मालकाने पदरचा द्यायचा.

माझ्याकडच्या एका मशीन शॉपमध्ये दोघी होत्या. एक डिस्पॅच बघायची, पगार २०,०००. दुसरी डिप्लोमा झालेली, क्वालिटीला, पगार २२,५००. दोघींना मागेपुढेच दिवस गेले. पहिलीच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये, ईएसआयला जायचे आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ६५०. ती रजेवर गेली, दवाखान्याचे कागद लागले, आणि २६ आठवड्यांचे मिळून सुमारे १,२०,००० रुपये महामंडळाने तिच्या खात्यात भरले. मालकाचा छदामही गेला नाही. तिचा वाचलेला पगार त्याने बदली मुलीला दिला आणि बारशाला हौसेने चांदीचा वाळा घेऊन गेला. दुसरीचे १,३५,००० मात्र त्याने स्वतः द्यायचे होते, वर तिच्या जागी आणलेल्या माणसाचा पगार वेगळा. त्याने ते दिले. नोटांना हात लावताना त्याचं तोंड कडू झालं होतं, पण दिले. नंतर चलनाचे कागद घ्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘ताई, पुढच्या वेळी क्वालिटीला पोरगाच बघतो.’

हा माणूस वाईट नाही. कामगाराच्या आईच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिलेले मी पाहिलेत. पण पंधरा माणसांच्या धंद्यात एका बाळंतपणाला सव्वा-दीड लाख बाजूला काढायचे, आणि ते कोणाला काढावे लागतील? जो बाईला नोकरी देतो त्याला. शेजारच्या शेडमध्ये सगळे पुरुष ठेवणाऱ्याला काहीच नाही. बाईला कामावर घेतल्याबद्दल दंड लावायचा असता, तर याहून वेगळी रचना काय केली असती?

दंड चुकवायच्या तऱ्हा मग निघतातच. मुलाखतीत ‘लग्न झालंय का, किती वर्षं झाली’ हे विचारतात. बायोडेटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करतात. आणखी एक तऱ्हा मी अलीकडे पाहिली. एक मुलगी हिशोब विचारायला आली, की बरोबरच्या मुलांना वाढ झाली आणि माझा पगार २०,९०० वरच का अडकला? मालकाला ती ईएसआयच्या बाहेर जायला नको होती, म्हणून. जो फंड तिचं बाळंतपण सांभाळणार तोच तिचा पगार धरून बसला होता. खरं तर सहामाहीच्या मधे मर्यादा ओलांडली तरी ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत वर्गणी कापत राहायची असते आणि तोवर ती आतच असते. पण त्यापुढच्या सहामाहीचं काय, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

ईएसआयच्या आत असलेल्या सगळ्याच सुखात असतात असंही नाही. आधीच्या लागोपाठच्या दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. नव्याने नोकरीला लागलेल्या बाईला लाभ सुरू व्हायला नऊ महिने जावे लागतात. हा नऊचा आकडा ज्याने ठरवला त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. आणि ठेकेदाराच्या बायकांचं वेगळंच. विमा नंबर जन्मभर एकच असायला हवा, पण ठेका बदलला की नवा ठेकेदार जुना नंबर शोधायच्या भानगडीत न पडता नवा काढून मोकळा होतो. मग ७० दिवस दोन नंबरांत वाटले जातात आणि बाई काउंटरवर सातव्या महिन्याचं पोट घेऊन उभी राहते. नंबर जोडून घेता येतात, मी कितीतरी जोडून दिलेत, पण त्यासाठी कोणीतरी अर्ज लिहावा लागतो.

कंत्राटी आणि रोजंदारीच्या बायकांना हे काही नाहीच, असा एक समज आहे आणि तो मालकांनी जपलेला आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांना प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं. कंत्राटाची मुदत रजेच्या मधेच संपली तरी लाभ मुदतीपुढे चालू राहतो, हे ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या खटल्यात सांगितलं. हे दोन निकाल मी छापून फाइलीत ठेवलेत. दाखवले की काही जण गप्प बसतात, काही जण वकिलाचा नंबर देतात.

आता मालकाच्या खिशाचा प्रश्न. तो माझ्या डोक्यातून निघालेला नाही, आपल्याच मुंबई इलाख्यात तो पाऊणशे नव्हे, शंभर वर्षांच्या आसपास जुना आहे. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं, ते पडलं. मग मुंबई कायदेमंडळात विधेयक आलं, आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी त्याच भाषणात मांडलं होतं. तूर्त सरकार तो उचलत नाही, तेव्हा जो मालक बाईच्या श्रमावर नफा मिळवतो त्याने काही भार घेण्यात गैर नाही, असंही ते म्हणाले. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, देशातला पहिला. त्यात गिरण्यांच्या मालकांवर टाकलेला भार आज मशीन शॉपच्या मालकाकडे आला आहे, आणि सरकारचा वाटा मागेच राहिला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारातही हेच आहे: किमान १४ आठवडे रजा, आणि तिचा खर्च एकट्या मालकावर पडू नये, सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. आठवड्यांत आपण त्याच्या कितीतरी पुढे आहोत. पैसे कोणी द्यायचे यात मागे.

माझ्या दिरांच्या दोन्ही मुली अमेरिकेत, दोघी खासगी कंपन्यांत. एक न्यू जर्सीत एडिसनला, दुसरी टेक्सासात डॅलसजवळ. तिथे देशभराचा १९९३ चा कायदा १२ आठवडे रजा देतो, पण बिनपगारी, आणि तीही ५० माणसांच्या पुढच्या कंपनीत. डॅलसवालीला कंपनीने आपल्या मर्जीने काही आठवडे पगार दिला. कायद्याने दमडी मिळणार नव्हती. एडिसनवालीला मात्र राज्याच्या विम्यातून बाळंतपणाच्या आधी चार आठवडे, नंतर सहा (सिझेरियन असतं तर आठ), आणि त्यावर बाळासाठी आणखी १२ आठवडे, पगाराच्या ८५ टक्क्यांनी, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. अमेरिकेचं मला अप्रूप नाही, एकूण आठवडे आपल्याकडेच जास्त आहेत. पण न्यू जर्सीचा पैसा मुख्यतः सगळ्या कामगारांच्या पगारातून कापलेल्या छोट्या वर्गणीतून येतो. पुरुषांच्याही. त्यामुळे तिच्या साहेबाला ती केव्हा आई होणार याच्याशी पैशापुरतं तरी काही देणंघेणं नव्हतं.

आपल्याला हे नवीन आहे का? मुळीच नाही. महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठी. पगारदाराच्या खिशातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात ते त्याचेच. दर फेब्रुवारीत ‘या महिन्यात शंभर जास्त का कापले’ असा फोन मला हमखास येतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने एकेका हमालाचा मालक शोधत न बसता मंडळ नेमलं, सगळ्या व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली आणि हमालाची रजा, बोनस, पीएफ त्यातून दिला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून बांधकाम कामगार मंडळ चालतं. तिथे नोंद असलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना, नैसर्गिक असेल तर १५,००० आणि शस्त्रक्रिया असेल तर २०,००० रुपये मिळतात. म्हणजे अनेकांकडून थोडं थोडं घेऊन एकीच्या अडचणीला द्यायचं, ही रीत या राज्याला चांगली जमते. मग २१,००० च्या वरच्या पगाराच्या बायकांच्या रजेसाठी तसाच निधी का नको? वर्गणी पुरुष कामगारांचीही आणि जिथे एकही बाई नाही त्या कारखान्याचीही. मला वाटतं सगळ्यात आधी अशाच कारखान्याची.

केंद्राने २०१८ साली काहीतरी हालचाल केली होती. पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या २६ पैकी सात आठवड्यांचा पगार मालकाला परत द्यायची योजना तयार करतोय, असं कामगार मंत्रालयाने सांगितलं. त्या बातमीची कात्रणं मला माझ्या तीन-चार गिऱ्हाइकांनी आणून दाखवली होती. त्यांच्यापैकी कोणालाही त्या योजनेतून आजवर रुपया आलेला नाही.

हे सगळं झालं पगारपत्रकावर नाव असलेल्यांचं. आमच्या जिल्ह्यात ज्यांचं नाव कुठल्याच पत्रकावर नाही अशा बायका द्राक्षबागांत आहेत. सुरगाणा, पेठ इकडून टोळ्या पिकअपमधून दिंडोरी-निफाडला येतात. ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग, विरळणी, काम उक्तं, एकराच्या भावाने. पोट दिसायला लागलं तरी बाई घमेलं सोडत नाही, कारण टोळीत एक हात कमी झाला की वाटणी कमी होते. तिला मालक कोण? बागायतदार म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो बागायतदार. तिच्यासाठी कायद्यातलं एकही कलम नाही, आहे ती मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आधी ३,००० आणि मग २,०००, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० लिहून ठेवले होते. योजना आली तेव्हा ते पहिल्या बाळापुरते आणि ५,००० झाले. तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत गरीब बाईला रोख आणि पोषणाचं सामान मिळून १८,००० रुपयांचं येतं. सरकारी शिक्षिकेच्या रजेतला फरक दुपटीचा, आणि मजूर बाईच्या पैशातला तिपटीहून जास्त. चर्चा मात्र पहिल्याच फरकाची होते.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि बाळंत बाईला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. योजना चांगली आहे. पण जेवण सुरगाण्याच्या पाड्यावर शिजतं आणि बाई त्या वेळी निफाडच्या बागेत असते. गावी राहून जेवावं तर मजुरी बुडते. द्राक्षाच्या निर्यातीवर किलोमागे काही पैसे उपकर घेतला आणि त्यातून या बायकांना निदान तीन महिन्यांची बुडीत मजुरी दिली, तर बागायतदार मोडणार नाही. माझ्या माहेरची बाग आहे, मी हिशोब करून बोलते आहे. भावाला हे पत्र आवडणार नाही.

आणखी एक विनंती. आपल्या पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घेतलात, तर एक चौकट टाका, मुलींना कात्रण काढून ठेवता येईल अशी. नेमणूक होतानाच मालकाने बाळंतपणाच्या लाभांची लेखी माहिती द्यायची असते; ती मागून घ्यावी. रजेवर जाण्याआधी लेखी नोटीस द्यावी, त्यात रजा कुठल्या तारखेपासून आणि पैसे कोणाला द्यायचे ते लिहावं, पोच घ्यावी. मालकाने पैसे द्यायचे असतील तर बाळंतपणाआधीच्या आठवड्यांचे आगाऊ, आणि उरलेले जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मालकाने मोफत तपासणी-औषधोपचाराची सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे. रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी. ईएसआय असेल तर विमा नंबर एकच आहे ना, हे लग्न ठरलं की लगेच बघून घ्यावं, सातव्या महिन्यात नव्हे. आणि नोटीस आधी द्यायची राहून गेली म्हणून हक्क जात नाही, ती बाळंतपणानंतरही देता येते. ‘तू अर्जच दिला नव्हतास’ हे मालकाचं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, म्हणून हे तेवढं ठळक अक्षरांत छापा.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक

(नाव आणि पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. गिऱ्हाइकं पेपर वाचतात.)